धांडे उस्ताद, तुमचं ते ‘खाली कर’

काका, तुम्हाले जाऊन आज सहावा दिवस, अन् मले अजून रडू आलेलं नाही. काकूनं दोनदा विचारलं, "रंजना, बरी आहेस ना?" दोन्ही वेळा मी हव म्हटलं. परवा क्लास घेतला, कालही घेतला. आग विझवायचं सिलिंडर कसं धरायचं, पिन कशी ओढायची, वारा कुठून येते ते पहिले पाहायचं, सगळं तोंडातून आपोआप निघत गेलं. मागच्या रांगेतल्या एका नवीन बाईनं विचारलं, "मॅडम, उस्ताद छुट्टी में हैं क्या?" मी हाँ म्हटलं अन् पुढचा मुद्दा घेतला. घरी येऊन जेवली. वरण अळणी झालं होतं म्हणे, मले समजलं नाही.

स्मशानघाटावर तुमच्या हातचे कितीतरी गार्ड आले होते. कोणी बँकेच्या ड्यूटीवरून, कोणी मॉलमधून, कोणी सदर बाजारातल्या सराफाच्या दारातून, मालकाले सांगून तासाभरासाठी. कोणाची वर्दी निळी, कोणाची राखाडी, कोणाची खाकी. कोणी सांगितलं नाही तरी उंचीप्रमाणे तीन रांगा करून उभे राहिले, सावधान. तुमचे जावई माझ्याकडे पाहून राहिले होते, आता काय करायचं म्हणून. विश्राम म्हणायले माणूस नव्हता. मले म्हणता आलं असतं, सेंटरमध्ये तुमच्यानंतर मीच आहे. पण तोंड उघडलंच नाही. पंधरा मिनिटं ती माणसं तशीच उभी होती, मग एकेक जण आपल्याच मनानं ढिला झाला. तुम्ही असते तर मले सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं.

मी तुमच्याकडे आली तेव्हा आपलं शहर नव्या राज्याची राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिकडं पाहा तिकडं नवीन इमारत, अन् प्रत्येक दाराले एक माणूस पाहिजे. दवाखान्याले, मॉलले, मंत्र्याच्या बंगल्याले, एटीएमले. आधी लाठी अन् शिट्टी हातात दिली का झाला गार्ड, असं चालायचं. मग कायदा आला, वीस दिवसांचं प्रशिक्षण पाहिजे, प्रमाणपत्र पाहिजे, अन् शंकर नगरात एका गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर आपलं सेंटर उघडलं. तुम्ही अमरावतीकडचे, फौजेतून हवालदार होऊन आलेले. मी रेल्वे कॉलनीतली, बाप रेल्वेत फिटर, होमगार्डमध्ये तीन वर्षं काढलेली. बायांच्या बॅचले शिकवायले बाई पाहिजे होती म्हणून मले घेतलं. बिनहत्यारवाल्यांचा कोर्स माझा, बंदूकवाल्यांचा तुमचा.

पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलं, "मराठी येते का तुले?"

"येते. शाळा हिंदीत झाली, पण घरी मराठीच."

"मंग माह्यासंग मराठीतच बोलत जाय. दिवसभर हिंदी बोलून बोलून तोंडाची चव गेली माही."

उभं राहायले मी तुमच्याकडून शिकली. हसू येते म्हणायले, तेहतीस वर्षांची बाई अन् उभं राहणं शिकते. पण गुडघे ताठ केले तर दुसऱ्या तासाले चक्कर येते, वजन कधी या पायावर कधी त्या पायावर कसं न्यायचं का समोरच्याले दिसलं नाही पाहिजे, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. बॅग तपासताना बॅगवाल्याले चोर समजल्यासारखं पाहायचं नाही. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, ‘समजलं का’ असं कधीच विचारायचं नाही. "इथची माणसं भली आहेत, रंजना," तुम्ही म्हणायचे. "समजलं का म्हटलं का सारे हव म्हणतात. काय समजलं ते विचार. त्याच्या तोंडून वदवून घे." त्या एका गोष्टीवर मी इतक्या वर्षांची नोकरी काढली आहे.

माझ्या सासूले वर्दी पटत नव्हती ते आठवते? तुम्ही घरी आले, तिच्या हातचा चहा प्यायले अन् म्हणाले, "आत्याबाई, तुमची सून पँट घालून निघते ना, तवा चौकातले पोट्टे सरळ चालतात. पोलिसाले नाही भीत इतके तिले भितात." त्या दिवसापासून माझ्या वर्दीले इस्तरी सासू करायची. हे उपकार मी तुम्हाले कधी बोलून दाखवले नाहीत, आज दाखवते.

अन् कागदाच्या बाबतीत तर तुम्ही एक नंबरचे खडूस. साहेब म्हणजे आपल्या सेंटरचे मालक, ते पाच दिवसांत माणसं तयार करून मागायचे. तुम्ही प्रमाणपत्रांचा गठ्ठा बिनसहीचा परत पाठवला होता. "वीस दिवस म्हणजे वीस दिवस. एकोणिसाव्या दिवशी त्याची आई मेली असेल तर तेरवी करून येऊ दे, पण विसावा दिवस भरू दे." मले समजावलं होतं, "कागदावर माही सही आहे ना, म्हणजे त्या दारात मी उभा आहे." इतकं खरं वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच पुढची गोष्ट मले गिळता आली नाही, काका. आजही नाही.

गजानन राऊत. तुम्ही विसरले असं मी म्हणणार नाही.

गोंदियाकडून आलेला, चाळिशीचा माणूस. राइस मिल बंद पडली म्हणून इकडं आला होता. एका बँकेत बंदूकवाल्या गार्डची जागा ठरली होती त्याची, फक्त आपल्या कागदाची वाट होती. शहराबाहेरच्या रेंजवर आपण सगळ्यांले घेऊन गेलो, अठरावा दिवस होता. बारा बोरची दुनाली, दोन नळ्या, दोन कारतुसं. तुमचा हुकूम नेहमी हिंदीत, कडक, "खाली कर!" म्हणजे रिकामी कर, बंदूक मोडून उघड, कारतुसं काढ, रिकाम्या नळ्या दाखव. राऊतच्या आधीच्या सगळ्यांनी तसंच केलं. राऊतनं एक गोळी सोडली अन् थांबला. दुसरी सोडेचना. तुम्ही जवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, अन् तुमचा आवाजच बदलला.

"घाबरू नको बापा. राहू दे दुसरी. बंदूक खाली कर."

मराठीत सांगितलेलं माणूस मराठीतच ऐकते. राऊतनं बंदूक खाली केली. नळ्या जमिनीकडं, बोट घोड्यावर तसंच. अठरा दिवस हिंदीत शिकलेलं तुमच्या त्या एका ‘बापा’नं पुसून टाकलं. तुम्हाले वाटलं झालं काम, तुम्ही पुढच्या माणसाकडं वळले. काय समजलं ते त्याले विचारलं नाही. त्या दिवशी, तेवढं एकदाच.

आवाज झाला तेव्हा मी हजेरीचं रजिस्टर अन् पट्ट्यांची पेटी घेऊन दहा पावलं मागं उभी होती. डाव्या पायाची दोन बोटं गेली त्याची. मी बूट कापला, पट्टी आवळली. तो ओरडला नाही. तुमच्याकडं पाहून तेच तेच विचारत होता, "खालीच तं केली ना उस्ताद? खालीच केली ना?" अन् तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्हाले त्याच क्षणी समजलं होतं. मलेही. बाकी सगळे हिंदीवाले, त्यांले वाटलं का दुखण्यात बडबडून राहिला.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायचा होता. ‘दुर्घटना का कारण’, अन् पुढं एक ओळ. तुम्ही लिहिलं, "प्रशिक्षणार्थी को बंदूक खाली करने का आदेश दिया गया। उसने आदेश का पालन नहीं किया।" फॉर्म माझ्यापुढं सरकवला, साक्षीदाराच्या सहीसाठी. पहिलं वाक्य अक्षर न् अक्षर खरं होतं. दुसरं, वाचणाऱ्या अधिकाऱ्याले खरंच वाटणार होतं. मी सही केली. किती वेळ लागते सहीले?

आठवड्यानं मी तोंड उघडलं. "काका, तुम्ही मराठीत बोलले हे त्यात लिहायले पाहिजे होतं."

"काहून? खाली कर म्हटलं का नाही म्हटलं?"

"म्हटलं."

"मंग?"

"मंग त्यानं केली ना खाली!"

तुम्ही टेबलावर हात आपटला, चहा सांडला. "सेंटरची मान्यता गेली का या साऱ्या बॅचचे कागद अडकतील. त्यांच्या घरी जाऊन काय सांगू? मी मराठी बोललो म्हणून तुमचा माणूस घरी बसला, असं सांगू?"

"अन् राऊतच्या घरी काय सांगायचं?"

तुम्ही कितीतरी वेळ फडक्यानं टेबल पुसत होते. मग म्हणाले, "मी हाओ तोवर नाही, रंजना. मी गेल्यावर तुले जे करायचं ते कर."

सेंटरमध्ये तुमच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं मराठी. सोमवारी तुम्ही म्हणाले, "मॅडम, हाजिरी ले लीजिए." मी मागं वळून पाहिलं, कोणत्या मॅडमले म्हणून राहिले म्हणून. महिनाभर मी मुद्दाम मराठीत उत्तर देत राहिली, तुम्ही हिंदी सोडली नाही. मग मीही सोडून दिलं. म्हटलं, ठीक आहे, राहू द्या तुमची फौजी अकड तुमच्यापाशी. बारा वर्षं आपण दोन मराठी माणसं शंकर नगरात एका टेबलावर बसून हिंदीत चहा प्यायलो.

रेंजवरचा हुकूमही तुम्ही बदलला. ‘खाली कर’ गेलं, त्याच्या जागी तीन शब्द आले, "तोड़ो, निकालो, दिखाओ!" कोणी विचारलं तर म्हणायचे, नया तरीका है. त्याच्यानंतर एकाही माणसाच्या नखाले धक्का लागला नाही, हे मी कबूल करते. पण मले त्याचाच राग यायचा. हुकूम दुरुस्त केला तुम्ही, माणूस तसाच सोडला.

मग एकदा भंडाऱ्याची एक बाई भरतीले आली. घाबरलेली होती, अन् तुमचं आडनाव ऐकून तिले बरं वाटलं. मराठीत बोलायले लागली. तुम्ही दोन पावलं मागं सरकले, कपाळाले घाम, अन् मले हाक मारली, "मॅडम, इनसे आप बात कीजिए." त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला का ही अकड नव्हे. तुम्ही आपल्याच तोंडाले भिऊन राहिले होते. तेव्हाच येऊन म्हणायचं होतं का काका, मले समजलं, बोला माझ्यासंग मराठीत, काही होत नाही. नाही म्हटलं. आता म्हणून काय उपयोग, पण म्हणते.

राऊतची बँकेची जागा गेली. लापरवाह असा शेरा बसला, मग कोणत्या एजन्सीनं घेतलं नाही. गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात तो पराती अन् डबे कागदात गुंडाळते. त्याच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्याचं नावच पडलं, गोळीवाला. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, यानं गोळीच घातली, असं म्हणून हसतात. हे मले कसं माहीत, विचाराल. शिट्ट्या अन् शिट्टीच्या डोऱ्या घ्यायले मी गोल बाजारातच जाते ना, माल बांधून देता देता तो शिट्टीवाला दुकानदार सगळं सांगते. अन् बारा वर्षं मी भांड्यांची गल्ली टाळून, मागच्या बाजूनं फेरा मारून जात होती. बाकी जगाले शिकवते, समोर पाहून चाला.

दवाखान्यात शेवटचं भेटली तेव्हा काकू पाणी आणायले खाली गेली होती. खोलीत आपण दोघंच. मले वाटलं, आता बोलाल. तुम्हीही माझ्याकडं बरंच पाहिलं. मग विचारलं, "सीटियाँ आ गईं?" मी हव म्हटलं. "डोरी भी?" हव. काकू आली. बस, इतकंच. बारा वर्षांत बोलायले एवढी एक जागा मिळाली, अन् आपण ती शिट्ट्यांत घालवली. शाबास आपली!

आज मी भांड्यांच्या गल्लीतून गेली.

राऊतनं मले लगेच ओळखलं. स्टुलावरून उठला, वजन उजव्या पायावर घेऊन. "उस्ताद गेले, आयकलं म्या," तो म्हणाला. मी म्हटलं, मले बोलायचं आहे. "इथं नोको बाई. जेवणाच्या सुट्टीत घरी चला." गेली मी त्याच्यासंग. त्याच्या बायकोनं चहा टाकला. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं, रेंज, पाठीवरचा हात, मराठीतलं खाली अन् हिंदीतलं खाली, फॉर्म, माझी सही. रिपोर्ट वाचल्यासारखं सांगितलं. आत काहीच हललं नाही.

राऊतनं कप बाजूले सरकवला. मग म्हणाला, "म्हंजे माहे कान बराबर होते."

"हो."

"मले वाटे, आपल्याले धड आयकूच येत नाही. दुकानात मालक काही बी म्हणे का म्या दोनदा इचारतो, कोणता डबा, कोणता डबा. मालक लय चिडते." तो जरासा हसला. "बारा साल झाले, घरी बी दोनदा इचारतो."

मी शिव्यांची वाट पाहत होती. काका, खरं सांगते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याची बायको तेवढी म्हणाली, "मंग तवा काहून नाही बोलल्या तुमी?"

"सही करून बसली होती मी."

"मंग आता बी सही करा."

पोरीच्या वहीचं पान फाडून तिनं पुढं ठेवलं. मी हिंदीत लिहिलं, कारण ऑफिसात हिंदीच वाचतात. "उस दिन रेंज पर उस्ताद महादेव धांडे ने आदेश मराठी में दिया था। मराठी में खाली का मतलब नीचे होता है। गजानन राऊत ने आदेश का पालन किया। गलती उसकी नहीं थी, हम दोनों की थी।" खाली सही केली, पदासकट. दुसरी प्रत काढली, ती उद्या साहेबाले देणार आहे. सेंटरचं काय होईल माहीत नाही. माझं काय होईल तेही माहीत नाही. तुम्ही गेल्यावर कर म्हणाले होते, तर करून राहिली.

राऊतनं कागद ओठ हलवत वाचला. मले विचारलं, "हा कागद माहाच ना?" मी हो म्हटलं. त्यानं अजून एकदा विचारलं. मी अजून एकदा हो म्हटलं.

बायकोनं त्याच्या हातून कागद घेतला अन् मलेच परत दिला. "मले वाचता येत नाही, बाई. अन् घरात वाचून काय करता? घरच्यांनी थोडीच नाव ठेवलं त्याले. दारात उभ्या राहून वाचा. जोरात."

"आता?"

"मंग कवा?"

दुपारची वेळ होती. नळावर बाया होत्या, ओट्यावर चार-पाच माणसं पत्ते खेळत बसली होती. वर्दीतली बाई पाहून त्यातला एक जण इथल्या बोलीत ओरडला, "का होगे, गोलीवाला फिर चला दिया क्या?" सगळे हसले. राऊत माझ्या मागं चौकटीले धरून उभा राहिला. मी कागद उघडला.

तुमचं नाव पहिल्याच ओळीत होतं, काका. फक्त ‘उस्ताद’ म्हणून पुढं जाता आलं असतं, त्या पाऱ्यात कोण विचारते कोण उस्ताद ते. मी पूर्ण नाव वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. पत्तेवाल्यांनी पत्ते खाली ठेवले नाहीत, पण हसणं थांबलं.

राऊतची बायको म्हणाली, "अजून एक डाव वाचा. त्या कोपऱ्यावरच्या घरी नाही गेला आवाज."

मी अजून एक डाव वाचलं. या खेपेले तुमचं नाव जरा जोरात घेतलं.